कैसर मास्तर आणि एकडोळ्या अप्पा

कैसर मास्तरांइतका भित्रा माणूस औराद तालुक्यात दुसरा झाला नाही. शेजारच्या उदगीर-देगलूरकडे झाला असेल, तर तो भिऊन अजून पुढे आलेला नाही. मास्तर सायकलच्या घंटीला भीत, आणि सायकल त्यांचीच असे. पोस्टमनने हाक मारली की ते आधी "न्हाई" म्हणत आणि मग "काय?" असं विचारत. कुठल्याही दारातून आत जायच्या आधी ते तीनदा खोकत. का, तर आत जो कुणी असेल त्याला सावरायला वेळ मिळावा. एकदा खोकले आणि आतून कुणी तरी उलट खोकलं, तर मास्तर आल्या पावली परत. आत त्यांचाच वर्ग होता.

मी त्याच शाळेत ड्रिल मास्तर. माझी शिट्टी वाजली की कमलनगरच्या बाजारातले बैल एका रांगेत उभे राहत, असं मी सांगत असे, आणि त्यात फार तर दोन बैलांची भर असेल. मी शाळेत रुजू झालो त्या दिवशी मैदानावर शिट्टी फुंकली, तर खिडकीतून दिसलं की इतिहासाच्या मास्तरांनी खडू टाकून दोन्ही हात वर केलेत. अशी आमची ओळख झाली. पुढे दोस्ती झाली तेव्हा मी विचारलं, "मास्तर, जगाला भिणारा माणूस तुमी, आन दोस्ती माझ्याशी कामून केली?"

"पैलवान," ते म्हणाले, "भित्र्यानं मोठ्या आवाजाच्या माणसालाच धरावं. तो कुठं हाय ते लांबून कळतं तरी."

वर्गात मात्र राजा आला की मास्तरांची भीती पार उतरायची. तुघलकाला ते मागच्या बाकावरच्या पोरासारखं झापत. "ऊठ. राजधानी कामून हलवलीस? बोल की आता!" बहामनी सुलतानांना तर एकेक करून उभं करत. मी म्हणालो, राजांना भीत नाही तुम्ही? ते म्हणाले, "मेलेल्या राजाला काय भ्यायचं? त्याचा शिपाईबी मेलेलाच असतो की." आमच्या शाळेत निजामाच्या काळापासूनचा एक म्हातारा चपराशी होता. मास्तर सारखे रोमच्या कैसरांबद्दल बोलतात म्हणून त्याने त्यांना 'कैसरसाब' म्हणायला सुरुवात केली. मग तेच नाव पडलं. खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथेच राहिलं.

त्यांना जुन्या नाण्यांचा नाद होता. बिदरच्या आसपास, मैलूरच्या बाजूला, नांगरट झाली की ढेकळांतून बहामनी तांबं वर येतं. पोरं ते आणून देत. मास्तर प्रत्येक नाण्याची कागदाची पुडी बांधत आणि वर तीन ओळी लिहीत: काय आहे, कुठे घावलं, कुणी दिलं. तिसरी ओळ मोठ्या अक्षरात. 'धोंडूच्या धाकट्या बहिणीनं, शेळी बांधायचा खुंटा ठोकताना.' चांदीला ते हात लावत नसत. सोन्याचं तर नाव काढत नसत. "आपली हिंमत तांब्यापुरती," म्हणत.

बिदरला कुणा साहेबाच्या बंगल्यातली रद्दी निघाली होती, त्यात त्यांना दोन इंग्रजी पुस्तकं मिळाली. एक होतं चेहऱ्यांचं. तीन-चारशे वर्षांपूर्वी तिकडच्या विलायती पंडितांनी रोमच्या बादशहांची नाणी गोळा करून खणाखणांत मांडली, आणि त्यावरून एकेकाचा मुखडा गोल चौकटीत छापला. पानापानावर बादशहा: जाड मानेचा, टकला, मुलीसारख्या ओठांचा. एक गोल मात्र नुसताच होता. आत काही नाही. मास्तर त्या कोऱ्या गोलावर बोट ठेवून मला मुद्दाम सांगत, "याचं नाणं त्या पंडिताला घावलं न्हाई. मग त्यानं चेहराच काढला न्हाई. मनानं काढला असता तर कोण बघायला जायलंय? पण न्हाई काढला." आणि माझ्याकडे बघत राहत. मी दुसरीकडे बघे.

दुसरं पुस्तक होतं दख्खनमध्ये सापडलेल्या नाण्यांचं, इथल्याच इंग्रज अंमलदारांनी लिहिलेलं. त्याचा मात्र मास्तरांना राग येई. तेवढ्यापुरतं त्यांचं भ्यायचं राहून जाई. "हे बघा. हंडा निघाला. त्यात रोमचं सोनं. सायबाचं नाव हाय, सायबाच्या पलटणीचं नाव हाय, ज्या मडमेला त्यातलं नाणं दिलं तिचं नाव हाय. ज्याच्या नांगराला हंडा लागला तो कोण? 'एक कुणबी.' संपलं! त्याला आईबापानं नाव ठेवलं नव्हतं व्हय?"

हे इतकं का लागतं, ते मला एका दुपारी कळलं.

मास्तर मला त्यांच्या गावी घेऊन गेले. औरादपासून कोसभर. वस्तीतलं शेवटचं घर. त्यांनी दार लावलं, खिडकी लावली, खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबला, म्हाताऱ्या आईला ओसरीवर बसवलं आणि चौकटीच्या वरच्या कोनाड्यातून एक चिंधी काढली. आत नखाएवढं... बरं, दोन नखांएवढं पिवळं नाणं. त्यावर एक पुरुष, नाक सरळ, मान ताठ, डोक्यावर पानांचा पट्टा. तोंड उजवीकडे. गालावर छिन्नीचा एक आडवा घाव. कडेने इंग्रजी अक्षरं. केसांच्या खाचेत हळद, इतकी जुनी की दगड झालेली.

"तिबेरियस," मास्तर कुजबुजले. "रोमचा कैसर. दोन हजार वर्षांचा."

"इथं कसा आला?"

"देव म्हणून."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या घराण्यात देव्हाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या चार टाक, म्हणजे देवाचा ठसा उठवलेले पत्रे, होते. तीन चांदीचे. चौथा हा, सगळे पितळेचा समजत. टाकावरचा देव समोर बघतो, दोन्ही डोळ्यांनी. हा एका बाजूला बघायचा आणि ह्याला डोळा एकच. म्हणून ह्याचं नाव एकडोळ्या अप्पा. गालावरचा घाव दरोडेखोरांशी लढताना झाला, अशी कथा. डोळे आले की वस्तीतली माणसं येत. मास्तरांची आई अप्पाला पाण्याने धुवायची आणि ते पाणी डोळ्यांना लावायची. पाटलाच्या वाड्यावरूनही निरोप यायचा. तिथे मास्तरांचे वडील वाटी घेऊन जात आणि अंगणाबाहेरच ठेवून येत. पाणी चालत असे, माणूस चालत नसे.

पुढे वस्तीने धम्माची दीक्षा घेतली. सगळ्या घरांनी देव उचलले आणि मांजरा नदीवर नेले. मास्तर तेव्हा नुकतेच मॅट्रिक झालेले. वडिलांनी तीन टाक पाण्यात सोडले, चौथा हातात घेतला आणि पोराला म्हणाले, "ह्याच्या कडंनं काय लिवलंय रे, वाच की." पोराने वाचलं. अर्थ कळला नाही, पण देवाचं नाव नाही एवढं कळलं.

"वडील म्हणाले, 'म्हंजे हा देव न्हाईच. मानूस हाय. मग ह्याला कामून बुडवायचं? मानसाला बुडवू ने.' आन खिशात घातला."

वडील गेल्यावर मास्तरांनी ते चिंचेने घासलं, तेव्हा पितळेचं सोनं झालं. त्या दिवसापासून मास्तरांची झोप उडाली. घरातलं सोनं सरकारला कळवायचा कायदा नुकताच आलेला. वस्तीतल्या माणसाच्या घरात सोनं म्हटलं की पहिला प्रश्न, 'कुठून चोरलंस?' वितळवलं तर निकाल लागला असता. ते मास्तरांच्याने होईना. त्यांच्या मनात एकच होतं: नाणं सरकारी संग्रहालयात जावं आणि तिथल्या नोंदवहीत वडिलांचं नाव लागावं. पूर्ण नाव. 'एक कुणबी' नाही. दरखास्त लिहून तयार होती. सात वर्षं तयार होती. टपालपेटीपर्यंत जाऊन मास्तर परत येत.

"हा तिबेरियससुद्धा असाच," मास्तर म्हणाले. "लई भित्रा. सगळ्यांचा संशय. शेवटी रोम सोडून एका बेटावर जाऊन बसला. आमच्या घरात त्याला बरं वाटलं असंल. पण पंडितांच्या खणातल्या बादशहांनी कुणाचे डोळे बरे केले न्हाईत, पैलवान. ह्यानं केले." मग माझं मनगट धरलं. "तुमच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. तरी सांगितलं. कुणाजवळ तरी बोलल्याबिगर आता मी मरतो असं वाटायलंय. बोलू नका."

मी आईची, बजरंगबलीची आणि शिट्टीची शपथ घेतली.

ती मी नऊ दिवस पाळली. दहाव्या दिवशी औरादचा बाजार. चहाच्या हॉटेलात एक माणूस सांगत होता की त्याच्या सासरवाडीला विहीर खणताना चांदीचा तांब्या निघाला. आता तांब्या! लोक तोंड उघडं टाकून ऐकत होते. मला राहवेना. मी म्हणालो, "तांब्याचं काय घेऊन बसलाव! आमच्या एका मास्तराच्या घरी रोमचा बादशहा बसलाय, सोन्याचा." नाव घेतलं नाही, हे मी आजही ठासून सांगतो. कुणी तरी विचारलं, "एकच?" त्या 'एकच'ने माझा घात केला. मी म्हणालो, सात हंडे. कुणी म्हणालं, राखण? मी म्हणालो, नाग. नागाला मिशा आहेत, असंही माझ्या तोंडून गेलं.

ती गोष्ट दुपारच्या जीपने कमलनगरला गेली, तिथून उदगीरला, आणि चार दिवसांनी अंगाने भरून परत आली. आमच्या शाळेत रोमचे कैसर सांगणारे मास्तर एकच होते. मास्तरांच्या दारात टाचण्या टोचलेली लिंबं पडू लागली. कुणी भरदुपारी परसात पहार घालून गेलं. हुमनाबादकडून एक पायाळू माणूस आणला गेला. पायाळूला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात. तो मास्तरांच्या उंबऱ्यावर कान लावून अर्धा तास पडून होता आणि मास्तरांची आई त्याला ओलांडून ताट आतबाहेर नेत होती. गुप्तधनाला बळी लागतो, कुणाचा देणार, यावरही पारावर चर्चा झाली. मास्तरांनी आपल्या दोन्ही मुलींना मावशीकडे लातूरला धाडलं. वर्गात ते तुघलकाला 'बसा' म्हणू लागले.

मी त्यांच्याकडे गेलो. माझी छाती, जी मी अठ्ठेचाळीस इंच सांगत असे, ती त्या दिवशी तीस असेल. म्हणालो, "मास्तर, बिदरला माझ्या ओळखीचा सोनार हाय. वितळवून टाका. न्हाई तर हिरीत फेका. धागाच न्हाई तर माग कुणाचा काढतील?"

मास्तरांनी आधी दाराला कडी घातली. मग म्हणाले, "वस्तीत जी गोष्ट आली, तिच्यातल्या नागाला मिशा होत्या, पैलवान. असला नाग दुसरं कोण पाळणार?"

मला वाटलं ते मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "उद्या हेडमास्तरांच्या खोलीत या. मला एकट्याला भ्या वाटायलंय."

कारण सांगावा आला होता. पाटलांनी ठाण्यावर अर्ज दिला होता: आमच्या वाड्यातल्या देव्हाऱ्यातला सोन्याचा टाक चोरीला गेला, आमच्याकडे राबणाऱ्या सटव्याने नेला, तो त्याच्या पोराकडे आहे. सटव्या म्हणजे मास्तरांचे वडील.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत पाटील खुर्चीवर, जमादार टेबलाच्या कडेवर, हेडमास्तर स्वतःच्याच खोलीत उभे. मास्तर दारात तीनदा खोकले. कुणी उत्तर दिलं नाही. ते आत आले, आणि मी सांगतो त्यातलं हे वजनकाट्यावर मोजून घ्या, त्यांचे गुडघे एकमेकांवर आपटण्याचा आवाज येत होता. जमादाराच्या कमरेला दोरी होती. मास्तरांची नजर तिच्यावरून हलेना.

"नाणं हाय तुझ्याकडं?" जमादार म्हणाला.

मला वाटलं, आता 'न्हाई' म्हणतील. हा माणूस पोस्टमनलाही आधी नाही म्हणायचा. मी मनात म्हणत होतो, म्हणा, मास्तर, न्हाई म्हणा.

"हाय," मास्तर म्हणाले. "हितंच हाय." आणि मूठ पुढे केली, उघडली नाही. "पाटीलसाहेब, तुमच्या देव्हाऱ्यातला देव हाय ना? मग सांगा, कसा दिसायलाय?"

पाटील हसले. "कसा म्हंजे? टाकावर देव असतो तसा. सरळ समोर बघायलाय. हातात तलवार."

"डोळे?"

"दोन! देवाला किती असत्यात?"

"आन पाठीमागं?"

"पाठीमागं काय असतंय? टाक हाय तो. कोरा."

मास्तरांनी मूठ जमादाराच्या तळहातावर उघडली. तिबेरियस उजवीकडे बघत होता, एका डोळ्याने. जमादाराने उलटवलं. मागे खुर्चीवर एक बाई बसलेली, हातात फांदी.

"टाकावरचा देव समोर बघतो, हे गावातल्या बारक्या पोराला ठाव हाय," मास्तर म्हणाले. दात वाजत होते, त्यामुळे शब्द तुटून येत होते. "हा बघत न्हाई. म्हणून ह्याला एकडोळ्या म्हणायचे. पाटीलसाहेब, तुमच्या मातोश्रींचे डोळे आले तवा वाटी कुणाच्या घरून यायची? तुमच्याच देव्हाऱ्यात असता तर आमच्याकडून पाणी कामून मागवत होता?"

पाटलांचा चेहरा असा लाल झाला की त्यावर भाकरी भाजता आली असती. ते उठले, खुर्ची पडली, आणि दारातून जाताना त्यांनी मास्तरांकडे ज्या नजरेने बघितलं ती आठवली की माझ्या अंगावर आजही काटा येतो. भांडण संपलं नव्हतं, ते फक्त खोलीबाहेर गेलं होतं.

जमादाराने नाणं खिशात घालायला घेतलं. "जप्त करावं लागंल. वर पाठवतो. ज्याचं त्याचं काय ते साहेब बघतील."

तेव्हा मास्तरांनी त्याचं मनगट धरलं. खाकी बाहीचं! मी डोळे मिटले.

"पंचनामा लिव्हा," मास्तर म्हणाले. "कन्नडात लिव्हा, इंग्रजीत लिव्हा, पण बापाचं नाव लिव्हा. कुणाच्या देव्हाऱ्यातून आलं ते. तवर मी हात सोडत न्हाई."

"हात सोड."

"न्हाई सोडत. लई भ्या वाटायलंय, जमादारसाहेब, पण न्हाई सोडत."

जमादाराने माझ्याकडे बघितलं. मी दारात जाऊन उभा राहिलो. शौर्य नव्हे, पाय गळाले होते, टेकायला चौकट हवी होती. पण मी दार भरून उभा होतो, हे खरं. जमादाराने कागद मागवला. कन्नडात लिहिलं. मास्तरांनी ओळ न ओळ वाचून घेतली, दोनदा खोडून पुन्हा लिहायला लावली, आणि खाली पंच म्हणून माझी सही. माझ्या आयुष्यातला हा एकच कागद, ज्यात मी काहीही वाढवलेलं नाही.

नाणं गेलं. पुढची तीन वर्षं मास्तरांनी कशी काढली ते मी बघितलंय. पाटलांनी त्यांचं परस नांगरून टाकलं. बदलीच्या दोन ऑर्डरी आल्या. मास्तर रोज भ्याले आणि रोज एक अर्ज लिहिला. आता टपालपेटीपर्यंत मी सोबत जायचो. मी शिट्टी घेऊन पेटीजवळ उभा राही आणि ते पत्र टाकत.

शेवटी उत्तर आलं: नाणं संग्रहालयात जमा झालंय, येऊन बघा. आम्ही बसने गेलो. संग्रहालयात नाणं काचेखाली होतं, शेजारी चिठ्ठी: रोमन, सोने, तिबेरियस. बास. मास्तर चिठ्ठीकडे बघत राहिले. मला ते पुस्तक आठवलं, तो 'एक कुणबी', आणि मी काच फोडायच्या बेतात होतो.

"नोंदवही," मास्तर म्हणाले. "नोंदवही दाखवा."

कारकुनाने कंटाळत जाड वही काढली. मास्तर चष्मा पुसत बसले, पुसतच बसले. मग म्हणाले, "तुमीच वाचा. मी वाचलं तर मला माझाच भरवसा वाटणार न्हाई."

कारकून वाचू लागला, नाकातून, बाजारभाव वाचावेत तसा: "सोन्याचं नाणं, एक. चेहऱ्यावर छेद. सटवाजी धोंडिबा यांच्या घरच्या देव्हाऱ्यातून. डोळ्यांच्या आजारावर पाणी देण्यासाठी वापर."

"परत एकदा."

"सटवाजी धोंडिबा यांच्या घरच्या..."

ज्या माणसाला गावाने उभ्या जन्मात 'ए सटव्या' याशिवाय हाक मारली नाही, त्याला एक अनोळखी सरकारी कारकून 'यांच्या' म्हणत होता. मास्तरांनी मान हलवली, वही स्वतः मिटली, कारकुनाला नमस्कार केला आणि बाहेर पायऱ्यांवर येऊन बसले.

"झालं ना, मास्तर, सगळं?" मी म्हणालो. "चला, बस हाय."

"थांबा, पैलवान," ते म्हणाले. त्यांचे हात, मान, गुडघे, सगळं थरथरायला लागलं होतं. "आता जरा भिऊन घेऊ द्या."

ऊन फार होतं. मी त्यांच्या आणि उन्हाच्या मधे जाऊन उभा राहिलो. औरादची बस सुटली, ती दिसत होती. मी तोंडातून शब्द काढला नाही.